काउंटची वाट किती पाहायची?

एकूण पांढऱ्या पेशी ६,०००, त्यात लिम्फोसाइट २० टक्के. गुणाकार केला की १,२००. या शतकाच्या सुरुवातीला, जिथे सीडी-४ पेशी मोजण्याची सोय नव्हती तिथे, एचआयव्हीबाधित माणसाला औषध सुरू करायचं की थांबायचं हे ठरवताना हा साधा गुणाकार वापरावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलं होतं. शारीरिक लक्षणं सौम्य असतील आणि हा आकडा १,२०० किंवा त्याहून कमी येत असेल, तर औषध सुरू करा. लक्षणं गंभीर असतील तर आकड्याची वाटच पाहू नका. यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या कुठल्याही लहान पॅथॉलॉजीत ही तपासणी होऊ शकत होती. लागायचं काय, तर एक सूक्ष्मदर्शक, थोडा रंग आणि शांतपणे शंभर पेशी मोजणारा तंत्रज्ञ.

हा गुणाकार का सुचवावा लागला, हे समजायला २००१ सालात जावं लागतं. तोवर तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. त्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लानं, युसुफ हमीद यांच्या पुढाकारानं, तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. तेव्हाच्या हिशेबानं हे सोळा हजार रुपयांच्या आसपास होतं. शेतमजुराला तेही परवडणारं नव्हतं, पण सरकारला आता विचार करता येणार होता. औषध स्वस्त झालं. ते कुणाला आणि कधी द्यायचं हे सांगणारी तपासणी मात्र होती तिथेच राहिली. सीडी-४ मोजायला फ्लो सायटोमीटर लागायचा. हे यंत्र महागडं, त्याची रसायनं परदेशातून येणारी, त्याला अखंड वीज आणि थंड खोली हवी, आणि ते चालवणारा माणूस शिकलेला हवा. २००४ च्या जानेवारीत क्लिंटन फाउंडेशननं या तपासण्यांच्या किमती खाली आणण्यासाठी बड्या कंपन्यांशी करार केले. औषधापेक्षा तपासणी जड जाते आहे हे तोवर जगभर उघड झालं होतं.

सीडी-४ म्हणजे काय, ते थोडक्यात. शरीराच्या संरक्षणाचा कारभार चालवणाऱ्या काही लिम्फोसाइट पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचं प्रथिन असतं, आणि एचआयव्ही नेमका त्याच्या आधारानं पेशीत शिरतो. निरोगी प्रौढात या पेशी रक्ताच्या दर घन मिलिमीटरला साधारण पाचशे ते दीड हजार असतात. संसर्गानंतर त्या वर्षानुवर्षं हळूहळू घटत जातात. दोनशेच्या खाली गेल्या की क्षय, न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य दाह असे आजार गाठू लागतात. एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्राच्या बाकावर बसलेली माणसं एकमेकांना ‘काउंट किती आला?’ असं विचारतात, तो हाच आकडा.

त्या स्वस्त गुणाकाराचं पुढे काय झालं? त्याची कसोटी भारतातच लागली. चेन्नईच्या वायआरजी केअरमध्ये एन. कुमारसामी आणि सहकाऱ्यांनी एकूण लिम्फोसाइट आणि सीडी-४ यांची तुलना केली आणि २००२ साली निष्कर्ष मांडले. आपल्याकडच्या रुग्णांत दोनशे सीडी-४ ओळखायला १,२०० ऐवजी १,४०० ही रेषा अधिक जुळते, असं त्यांना दिसलं. तरीही त्या रेषेनं दोनशेच्या खालच्या सुमारे चौथाई रुग्णांना चुकवलंच असतं. प्रतिबंधक कोट्रायमोक्सॅझोल कुणाला द्यायचं हे ठरवायला असा अंदाज चालतो, कारण ती गोळी स्वस्त आहे आणि अनेकांना ती देऊन फारसं बिघडत नाही. आयुष्यभराचा उपचार थांबवून ठेवायला मात्र हा आधार फारच कच्चा होता.

कच्चेपणाचं मूळ मोजणीतच आहे. तंत्रज्ञ काचपट्टीवर शंभर पांढऱ्या पेशी मोजतो आणि त्यात वीस लिम्फोसाइट सापडतात. पण शंभरच पेशी मोजल्या असतील तर निव्वळ योगायोगानं खरं प्रमाण तेरा ते एकोणतीस टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतं. म्हणजे आपला १,२०० चा आकडा प्रत्यक्षात ७८० असेल, नाहीतर १,७४० असेल. त्यात तंत्रज्ञाची चूक काहीच नसते, ते संख्याशास्त्राचं देणं आहे. दोनशे पेशी मोजल्या तर फरक कमी होतो, पण दिवसाला पन्नास-साठ काचपट्ट्या समोर असलेल्या माणसाकडून ती अपेक्षा कितपत करायची? शिवाय क्षयात लिम्फोसाइट घटतात, काही विषाणूजन्य तापांत वाढतात आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत पुन्हा कमी होतात. ज्या भागात क्षय घरोघरी माहीत आहे, तिथे हा गुणाकार सर्वाधिक डगमगतो. नंतरच्या मार्गदर्शक सूचनांत तो मागे पडला आणि ते योग्यच झालं. तरी त्याला हसू नये असं मला वाटतं. काहीच हाती नसताना डॉक्टरला निर्णयाचं धाडस त्यानं दिलं होतं.

गुणाकार आणि फ्लो सायटोमीटर यांच्या मधली वाट शोधण्याचे प्रयत्नही झाले. डायनाबीड्स पद्धतीत सीडी-४ ला चिकटणारे चुंबकीय मणी रक्तात मिसळतात, चुंबकानं त्या पेशी ओढून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. यंत्र जवळपास नाही, पण माणसाचं काम भरपूर. एका तंत्रज्ञाच्या हातून दिवसात मोजकेच नमुने निघतात. दक्षिण आफ्रिकेत डेबी ग्लेनक्रॉस यांनी पॅनल्यूकोगेटिंग ही पद्धत रुळवली. यंत्र तेच, पण रसायनं कमी वापरून खर्च उतरवलेला. त्या काळात मोठी प्रयोगशाळा असलेल्या शहरांना ती सोयीची होती. भारताच्या कार्यक्रमात पुढे फॅक्सकाउंटसारखी फक्त सीडी-४ पुरती बनवलेली, तुलनेनं सोपी यंत्रं आली. तपासणी रुग्णाला मोफत मिळू लागली, आणि किमतीचा प्रश्न बराचसा सुटला असं कागदावर वाटू लागलं.

यवतमाळमध्ये तो सुटला नव्हता, आणि या लेखाचा खरा विषय इथून पुढे आहे.

भारतात सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला, रोगाचं प्रमाण जास्त असलेल्या सहा राज्यांतल्या मोजक्या रुग्णालयांतून सुरू झाली. महाराष्ट्रात पहिलं नाव मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचं. पुढे केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली आणि यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एआरटी केंद्र आलं. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात उमरखेड किंवा वणीहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर एका बाजूनं शंभराहून अधिक किलोमीटर पडतात. झरी-जामणी आणि मारेगावच्या कोलाम-गोंड पोडांवरून आधी तालुक्याला यावं लागतं, मग पुढचा प्रवास. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून जातो, वणीच्या कोळसा खाणींतून ट्रकांची ये-जा अखंड असते, आणि कापसाच्या हंगामाबाहेर माणसं कामाच्या शोधात दूर जातात. अशा जिल्ह्यात तपासणीची किंमत नळीच्या आणि रसायनाच्या दरात मोजता येत नाही. तिच्यात एसटीचं भाडं असतं, बुडालेली रोजी असते, घरी सांगायला शोधलेलं कारण असतं. रुग्णालयाच्या रांगेत गावातलं कुणी भेटेल ही धास्तीही असते.

सीडी-४ ची आणखी एक अडचण. ती पेशींची मोजणी असल्यामुळे पेशी शाबूत लागतात. नमुना फ्रिजमध्ये गोठवून ठेवता येत नाही आणि साधारण अठ्ठेचाळीस तासांत तो यंत्रावर जावा लागतो. यंत्र बंद असेल, रसायन संपलं असेल किंवा त्या आठवड्याचा मोजणीचा दिवस निघून गेला असेल, तर माणसाला परत बोलवावं लागतं. याच्या उलट, एचआयव्हीबाधित आईच्या बाळाची तपासणी कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यांवर होते. ते कार्ड साध्या लिफाफ्यातून प्रयोगशाळेत पोचतं आणि सहा आठवड्यांच्या बाळाचं निदान गाव न सोडता करता येतं. सीडी-४ ला ही सवलत सहजासहजी मिळाली नाही.

मग वर्षानुवर्षं घडायचं ते असं. बाधित निघालेल्या माणसाचा काउंट ३८० येतो. त्याला सांगितलं जातं, ‘अजून गोळ्यांची गरज नाही, सहा महिन्यांनी या.’ त्याला आपण बरे आहोत असंच वाटतं. सहा महिन्यांनी वेचणी असते, नाहीतर तो गावात नसतो. दोन वर्षांनी तो स्ट्रेचरवरून येतो आणि काउंट साठ असतो. एआरटी केंद्रांत काम केलेल्या जवळपास प्रत्येक समुपदेशकाला हा प्रकार माहीत आहे. तपासणी मोफत होती, निकालही बरोबर होता. त्या निकालानं माणसाला दिलेला संदेशच घातक ठरला.

थांबण्याची रेषा हळूहळू वर सरकत गेली, तीही पुराव्यामुळेच. आधी २०० च्या खाली औषध, मग ३५० च्या खाली, मग ५००. हैतीत २०० ते ३५० च्या दरम्यान उपचार सुरू केलेल्यांची तुलना २०० होईपर्यंत थांबवलेल्यांशी केली गेली. २०१० साली निष्कर्ष आले तेव्हा ८१६ लोकांपैकी लवकर सुरुवात केलेल्या गटात सहा आणि थांबलेल्या गटात तेवीस मृत्यू होते. २०११ मध्ये एचपीटीएन ०५२ या अभ्यासाचे निकाल आले. यात पुण्याच्या भोसरीतली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी होती, म्हणून महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटायला हरकत नाही. एक जण बाधित आणि दुसरा नाही अशा १,७६३ जोडप्यांच्या या अभ्यासात लवकर औषध दिल्यावर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. औषध आता घेणाऱ्यापुरतं राहिलं नाही, त्याच्या घरालाही वाचवू लागलं. २०१५ मध्ये स्टार्ट अभ्यासानं शेवटची शंकाही मिटवली. ज्यांचा काउंट ५०० च्या वर आहे अशा ४,६८५ लोकांत, लगेच औषध घेणाऱ्यांना गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी आढळला. त्याच सप्टेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की काउंट कितीही असो, बाधित प्रत्येकाला उपचार द्या. भारतात गर्भवतींसाठी हा नियम २०१४ पासून होता. २०१७ मध्ये तो सर्वांना लागू झाला.

म्हणजे उपचार कधी सुरू करायचे हे सांगणारी सगळ्यात स्वस्त तपासणी कोणती, या प्रश्नाचं उत्तर अखेर असं निघालं की त्यासाठी कुठलीच तपासणी नको. निदान पक्कं झालं आणि माणसाची तयारी असली की तेवढं बस. सात दिवसांत, जमलं तर त्याच दिवशी गोळ्या सुरू कराव्यात, असं २०१७ पासून सांगितलं जातं. यवतमाळसारख्या जिल्ह्याला याहून मोठा दिलासा दुसरा नव्हता, कारण इथे सगळ्यात जास्त माणसं गळत होती ती निदान आणि पहिली गोळी यांच्या मधल्या फेऱ्यांत.

मग प्रयोगशाळेचं काम संपलं का? अजिबात नाही. आणि इथे मला एक धोका दिसतो, तो स्पष्ट सांगायला हवा.

आधी साध्या तपासण्यांविषयी. सुरुवातीच्या काळात झिडोव्हुडिन हे औषध सर्रास वापरलं जायचं आणि ते रक्तक्षय वाढवतं. हिमोग्लोबिन आठ-नऊ ग्रॅमच्या खाली असेल तर ते देता येत नसे. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि दलित वस्त्यांत, सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. बायकांमधला रक्तक्षय तर सर्वत्रच. त्यामुळे इथे कित्येकांच्या गोळीची निवड सीडी-४ पेक्षा काही रुपयांत होणाऱ्या हिमोग्लोबिननं ठरवली. मग स्टॅव्हुडिन दिलं जायचं. त्यानं पायांची आग व्हायची, चेहरा ओढल्यासारखा दिसायचा आणि गावात कुजबुज सुरू व्हायची. आज टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची दिवसाला एकच गोळी असते. टेनोफोविरसाठी मूत्रपिंडाची काळजी घ्यावी लागते, म्हणून क्रिएटिनिन पाहतात. कावीळ ब चीही तपासणी करतात, कारण यातली दोन औषधं तिच्यावरही चालतात आणि ती अचानक थांबवली तर यकृत बिघडू शकतं. या सगळ्या तपासण्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर व्हायला हव्यात. त्या कराव्यातच, पण अहवाल यायचा आहे म्हणून धडधाकट माणसाची गोळी अडवू नये.

आता धोका. ‘सर्वांना उपचार’ आल्यावर जगभर अनेक कार्यक्रमांनी सीडी-४ वरचा खर्च कमी केला. औषध सगळ्यांना द्यायचंच आहे, गोळ्या लागू पडल्या का हे व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंची मोजणी) सांगतो, मग काउंट कशाला, असा तो विचार. भारतातही नियमित व्हायरल लोड तपासणी २०१८ मध्ये सुरू झाली आणि ती उत्तमच आहे; उपचार सुरू असलेल्या माणसासाठी काउंटपेक्षा तीच अधिक खरं बोलते. पण केंद्राच्या दारात पहिल्यांदा आलेल्या माणसाबद्दल व्हायरल लोड महत्त्वाची गोष्ट सांगत नाही. या माणसाची प्रतिकारशक्ती किती ढासळली आहे? जगभरात पहिल्यांदा उपचाराला येणाऱ्यांपैकी अंदाजे तीनातल्या एकाचा काउंट दोनशेच्या खाली असतो. बाहेरून तो धडधाकट दिसू शकतो. डोळ्यांनी पाहून ओळखू म्हणणाऱ्या अनुभवी डॉक्टरांकडूनही यातले अनेक जण सुटतात.

अशा माणसाला घाईनं गोळी देऊन घरी पाठवणं धोक्याचं ठरू शकतं. शरीरात क्षय किंवा क्रिप्टोकोकस बुरशी दबा धरून असेल, तर औषधानं सावरणारी प्रतिकारशक्ती अचानक तिच्यावर तुटून पडते आणि रुग्ण बिघडतो. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत क्रिप्टोकोकसच्या मेंदूज्वरावर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोट अभ्यासात एआरटी सुमारे पाच आठवडे लांबवलेले रुग्ण जास्त वाचले. म्हणजे काही थोड्या लोकांसाठी औषध कधी सुरू करायचं हा प्रश्न आजही जिवंत आहे, आणि तो सोडवायला तपासण्याच लागतात. काउंट शंभराखाली असेल तर रक्तात क्रिप्टोकोकसचं अँटिजेन शोधायची पट्टी वापरतात. क्षयासाठी लघवीतला लॅम हा घटक शोधणारी पट्टी आहे. थुंकी येत नाही इतक्या अशक्त रुग्णाला ती फार उपयोगी पडते. दोन्ही गरोदरपणाच्या पट्टीसारख्या, काही मिनिटांत उत्तर देणाऱ्या. गोव्याच्या मोलबायोनं बनवलेलं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं आणि क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी छोट्या केंद्रातही करतं. आणि काउंटसाठीसुद्धा व्हिसिटेक्टसारखी पट्टी निघाली आहे. ती नेमका आकडा देत नाही, पण दोनशेच्या वर की खाली एवढं साधारण चाळीस मिनिटांत सांगते. वीज नको, यंत्र नको. २००२ साली त्या गुणाकाराकडून जी अपेक्षा होती, ती ही पट्टी कितीतरी भरवशानं पुरी करते.

माझं म्हणणं सरळ आहे. यवतमाळ जिल्ह्यात या पट्ट्या एआरटी केंद्रात कपाटबंद राहू नयेत. उमरखेड, पांढरकवडा, वणी, दारव्हा या ठिकाणी, जिथे माणूस पहिल्यांदा बाधित निघतो त्या चाचणी केंद्राशेजारीच, त्या असाव्यात. दोनशेच्या वर असलेल्याला तिथेच गोळ्या सुरू व्हाव्यात. दोनशेच्या खाली असलेल्याला मात्र चिठ्ठी हातात देऊन यवतमाळला ‘जाऊन या’ म्हणू नये. त्याच्यासाठी गाडी आणि सोबत माणूस द्यावा. हेच लोक मरतात. एकूण संख्येत ते थोडे असतील, मृत्यूंमध्ये ते थोडे नाहीत. एसटीच्या मोफत प्रवासाच्या सवलतीत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे, पण ती मिळवायला वाहकाला कार्ड दाखवावं लागतं. गावाच्या गाडीत हे कोण दाखवील? सवलतीनं प्रवास स्वस्त होतो, पण गुपित राखलं जात नाही. तपासणीच जवळ आणणं हाच त्यावरचा उपाय.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यातलं एक उदाहरण इथे आठवतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या, आधी तपासणी न झालेल्या बायांसाठी चोवीस तास समुपदेशन आणि झटपट तपासणीची सोय करून पाहिली गेली. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यरात्रीसुद्धा, प्रसूतीच्या आधी, बाईला आपली स्थिती कळून बाळासाठी औषध देता येतं हे ग्रामीण विदर्भातच सिद्ध झालं. तिथे जे जमलं त्यामागे फार महागडं तंत्र नव्हतं. तपासणी माणसाजवळ नेली होती, आणि ती करणाऱ्या माणसाला रात्रीही जागेवर ठेवलं होतं.

राष्ट्रीय अंदाजानुसार देशात २०२१ मध्ये सुमारे २४ लाख बाधित होते आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, सुमारे चार लाख, महाराष्ट्रात. त्यातले बरेच उपचारांवर आहेत, नियमित गोळ्या घेत आहेत, शेती करत आहेत, मुलांना शाळेत पाठवत आहेत. राहिलेल्यांपैकी अनेकांना आपल्याला संसर्ग आहे हेच माहीत नाही. त्यांच्यासाठी निर्णायक तपासणी सीडी-४ ही नाही आणि व्हायरल लोडही नाही. ती आहे बोटातल्या थेंबानं सुरू होणारी पहिली एचआयव्ही चाचणी. ती सरकारी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत होते, वेगवेगळ्या तीन किटवर पक्की केली जाते, आणि २०१७ च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय कुणालाही ती करता येत नाही, निकालही तुमच्या परवानगीविना फोडता येत नाही.

या जिल्ह्यातल्या कुणालाही शंका असेल, तर जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावं, नाहीतर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारावं. निकाल बाधित आला तर काउंटचा अहवाल येईपर्यंत घरी बसू नका. त्याच दिवशी एआरटी केंद्राची वाट धरा. आणि महिन्याभरात वजन उतरलं असेल, ताप हटत नसेल, खोकला राहिला असेल किंवा डोकं सतत दुखत असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा आणि ‘माझा काउंट आजच पाहा’ असा आग्रह धरा.